फुकटातलं मॉक एपीआय (खऱ्या सर्व्हरऐवजी नकली उत्तरं देणारी सोय): तुम्ही काय वापरता?

कोथरूडचा टेस्टर: हिंजवडीत कामाला आहे. बॅकएंड (सर्व्हरची बाजू) तयार व्हायला अजून तीन आठवडे आहेत आणि अँड्रॉइड अ‍ॅपचा डेमो पुढच्या शुक्रवारी. म्हणून जेसनप्लेसहोल्डर ही नमुना डेटा देणारी साइट लावली. यादी झकास दिसते, पण नोंद पाठवली (पोस्ट केली) की २०१, म्हणजे ‘तयार झाली’, असं उत्तर येतं आणि पुन्हा यादी मागवली तर नवी नोंद गायब!

बाणेरकर: तिथे काही साठवलं जातच नाही रे. ठरलेल्या १०० पोस्ट, १० युजर, बस. आपल्याच लॅपटॉपवर चालवायचा जेसन-सर्व्हर घे, नोंद तुझ्याच फाइलमध्ये उतरते.

वनाझहून: डेमोपुरतं ते ठीक. पण टेस्टिंगला माझं मत मॉकून या मॉक सर्व्हरच्या अ‍ॅपला. लॅपटॉपवरच चालतं, त्यामुळे मेट्रोत नेट गेलं तरी काम अडत नाही. मुख्य म्हणजे उत्तर उशिरा देता येतं, ५०० एरर (सर्व्हर बिघडल्याची) पाठवता येते. गेल्या वर्षी मी पेमेंटच्या स्क्रीनला ८ सेकंदांचा उशीर लावला. चक्र फिरतंय आणि ‘पैसे भरा’ बटण चालूच! तीनदा दाबलं, लॉगमध्ये तीन रिक्वेस्ट. आमचा खरा सर्व्हर ऑफिसात इतका चटकन उत्तर द्यायचा की हे कुणालाच दिसलं नव्हतं. कुणाचे तरी पैसे तीनदा कापले गेले असते हो.

कोथरूडचा टेस्टर: मॉकून टाकलं. ब्राउझरमध्ये चालतंय, एम्युलेटरमध्ये (लॅपटॉपवरच्या नकली फोनमध्ये) नाही. पत्ता दोन्हीकडे लोकलहोस्टच दिलाय.

वनाझहून: लोकलहोस्ट म्हणजे ‘हेच यंत्र’, तिथे एम्युलेटर स्वतःच. लॅपटॉपला गाठायला १०.०.२.२ टाक, पोर्ट तोच ठेव. आणि अँड्रॉइड ९ पासून साधं (एनक्रिप्ट न केलेलं) एचटीटीपी आपोआप अडवलं जातं, डीबग बिल्डपुरती (अ‍ॅपच्या चाचणी आवृत्तीपुरती) परवानगी दे.

कोथरूडचा टेस्टर: चाललं! आता आधी आमचं बटण तपासतो.