धडधड म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे

दाढ काढताना इंजेक्शननंतर छाती धडधडली, म्हणून तुम्ही 'भुलीची अ‍ॅलर्जी' म्हणताय. बहुतेक वेळा तो अ‍ॅड्रेनलिनचा प्रताप असतो. रक्तवाहिन्या आकसून भूल जास्त टिकावी म्हणून ते लिग्नोकेन या भुलीच्या औषधात मिसळतात. सोलापुरात सात रस्त्याजवळ माझी दाढ काढली तेव्हा माझंही तेच झालं. पाच-दहा मिनिटांत थांबलं. (उपाशीपोटी गेलो होतो, तो शहाणपणा वेगळाच!)

लिग्नोकेनची खरी अ‍ॅलर्जी फार दुर्मिळ. जपायचं ते मात्रेला: नुसतं, म्हणजे अ‍ॅड्रेनलिनशिवाय असेल तर वजनाच्या किलोमागे जास्तीत जास्त साधारण 4.5 मिलिग्रॅम. 2 टक्के द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये 20 मिलिग्रॅम असतं. मात्रा जास्त झाल्याची खूण म्हणून ओठांभोवती मुंग्या, कानात गुणगुण, तोंडात धातूसारखी चव जाणवली तर तिथंच डॉक्टरांना सांगा. हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर आधीच.