पहाटे चारला भीती वाटत नाही, झोप येते

रात्रभर भयपट पाहायचे असतील, तर सर्वांत भीतिदायक चित्रपट रात्रीच्या अखेरीस ठेवावा, असे काही जण म्हणतात; या मताशी मी सहमत नाही. कोथरूडच्या आमच्या घरी दर पावसाळ्यात आम्ही सहा-सात मित्र रात्रभर भयपट पाहतो. अनुभव असा, की पहाटे तीन ते पाच या वेळेत शरीराची सतर्कता सर्वांत कमी असल्यामुळे पडद्यावर काहीही घडत असले, तरी निम्मी मंडळी सतरंजीवर घोरत असतात. म्हणून वातावरणावर भिस्त ठेवणारा ‘महल’ (1949) आम्ही दहाच्या सुमारास लावतो, ‘तुंबाड’ (2018) मध्यरात्री, आणि तीननंतर ‘झपाटलेला’ (1993). तात्या विंचूचे संवाद अर्धवट झोपेतही सगळ्यांना म्हणता येतात.

क्रमाइतकाच आवाजाचाही प्रश्न असतो. भयपटातील कुजबुज ऐकू यावी म्हणून आवाज वाढवला, की पुढच्याच किंकाळीला खालच्या मजल्यावरचे काका दार ठोठावतात (आणि त्या ठोठावण्यानेच सगळे अधिक दचकतात). अनेक टीव्हींमध्ये असलेला ‘नाइट मोड’ सुरू केल्यास हळू आणि मोठ्या आवाजांतील हा फरक पुष्कळ कमी होतो.

प्रोजेक्टर आणि पांढरी चादर हा प्रयोग आम्ही एकदाच केला. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड आत येत असल्याने ‘तुंबाड’मधील अंधारी दृश्ये नुसती राखाडी दिसली. आता ती चादर खिडकीला लावतो.