शब्दचर्चा : ‘शिक्सा’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : एका अमेरिकन विनोदी चित्रपटाची मराठी उपशीर्षकं करते आहे. मुलगा ज्यू, मुलगी ख्रिस्ती. तो तिला पहिल्यांदा घरी आणतो तेव्हा आजी ओट्याशी उभी राहून पुटपुटते, ‘शिक्सा!’ मी ‘परधर्माची पोर’ असं लिहिलं. अर्थ पोचतो, पण आजी पोचत नाही. ‘बाटगी’ चालेल का? की सरळ ‘अवदसा’?

उत्तर : ‘बाटगी’ नकोच. बाटगी म्हणजे आपला धर्म सोडून गेलेली. ही पोर मुळातच बाहेरची. ‘अवदसा’चा सूर अगदी आजीचा आहे, पण अवदसा आपल्याच जातीतली, पत्रिका जुळवून आणलेली सूनही असू शकते.

शब्द यिडिश आहे, म्हणजे युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतला; मूळ हिब्रू ‘शेकेत्स’. म्हणजे ओंगळ, किळस यावी अशी गोष्ट. बायबलच्या लेवीय पुस्तकात, 11व्या अध्यायात, पर आणि खवले नसलेल्या, म्हणून खायला निषिद्ध, जलचरांना तो लावला आहे. आपला ‘म्लेंच्छ’ परक्याच्या अस्पष्ट बोलीवरून आला. ही शिवी खाण्याच्या विटाळातून आली. पुरुषासाठी ‘शेगेत्स’ आहे, पण आजीचा खरा घोर सुनेचा. परंपरेने ज्यूपण आईकडून येतं, त्यामुळे सून बाहेरची आली की नातवंडं बाहेर गेली.

आता गंमत अशी की चित्रपटांनी याच शब्दाला उलटा अर्थ चढवला. किळस होती तिथे ओढ आली. ‘द हार्टब्रेक किड’ (1972) बघा. ज्यू लेनी मधुचंद्राला मायामीला जातो आणि तिथेच मिनेसोटाच्या सोनेरी केसांच्या केलीसाठी नव्या बायकोला, लायलाला, सोडतो. लायला उन्हाने भाजून खोलीत पडलेली. तिचं अंड्याचं सॅलड खाणं कॅमेरा इतक्या जवळून दाखवतो, तोंडाला माखलेलं, की आपल्यालाही लेनीसारखी शिसारी यावी. म्हणजे ओंगळ ठरते ती घरची, आणि हवीशी वाटते ती परकी. लायलाचं काम दिग्दर्शिका इलेन मे यांच्या स्वतःच्या मुलीने, जीनी बर्लिनने केलं आणि त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं. मला तो चित्रपट आवडतो, पण लायलासाठी दर वेळी जीव तुटतो. ज्यू बायको म्हणजे कटकट आणि गोरी परकी म्हणजे बक्षीस, हा साचा पुढे फार वापरला गेला. 1997 साली ‘साइनफेल्ड’ मालिकेने तर या ओढीसाठी ‘शिक्सा’ आणि ‘अपील’ (आकर्षण) जोडून ‘शिक्सापील’ असा जोडशब्दच केला.

‘ॲनी हॉल’मध्ये (1977) नजर उलटी फिरते. ॲनीच्या ख्रिस्ती घरी जेवताना तिची आजी तिच्या ज्यू प्रियकराकडे, ॲल्वीकडे, बघते आणि क्षणभर तो पडद्यावर दाढी, काळी टोपी घातलेला रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, होऊन बसतो. एक शब्द नाही, तरी तीच शिवी आहे, फक्त टेबलाच्या पलीकडून.

म्हणून माझं मत, ‘शिक्सा’ तसाच ठेवा. आजीच्या तोंडी आधी ‘कुठून उचलून आणलीस ही?’ असं काही बसत असेल तर बसवा, अर्थ आपोआप कळेल.

आणखी एक : आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे अलिबागकडचे. यिडिश युरोपातल्या ज्यूंची; आमची मायबोली मराठी. कोकणात आमच्या लोकांना ‘शनिवार तेली’ म्हणायचे, कारण धंदा तेल गाळायचा, आणि शनिवार ज्यूंच्या विश्रांतीचा, म्हणून त्या दिवशी घाणा बंद. त्यामुळे ‘शिक्सा’ मीही सिनेमातच ऐकला. आमची आजी असती तर ‘आपल्यातली नाही ना ती?’ एवढंच म्हणाली असती. कृपा करून त्या आजीला कोकणी हेल देऊ नका. ती न्यूयॉर्कची आहे, तिला तिचा शब्द बोलू द्या.

प्रश्नकर्ती : पटलं. पुढे एका प्रसंगात मुलाचा मित्र तिच्याकडे बघत हाच शब्द लांबवून म्हणतो. तिथे मी ‘गोरी मड्डम’ लिहिलं होतं, म्हणजे दोन्हीकडे एकच शब्द आहे हे प्रेक्षकाला कळलंच नसतं. खोडते, आणि दोन्हीकडे ‘शिक्सा’ ठेवते.