मूल्यांची यादी पंचवीसवर गेली, गाळायची कशी?

निळीशाई: प्रामाणिकपणा, कुटुंब, स्वातंत्र्य, आरोग्य... सगळंच महत्त्वाचं वाटतंय. कमी कसं करू?

तिसरीघंटा: चिठ्ठ्या करा. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांनी २००१मध्ये ८३ कार्डांचा संच यासाठीच केला होता. एका चिठ्ठीवर एक मूल्य, ढीग तीन: फार महत्त्वाचं, महत्त्वाचं, तितकंसं नाही. पहिल्या ढिगात दहाच ठेवा. मग दोन-दोन चिठ्ठ्या समोर घेऊन विचारा, 'दोन्हींत ओढाताण झाली तर कोणतं सोडेन?' पाच उरेपर्यंत हेच. घोळ होतो तो पहिल्या ढिगातच. लोकांना आवडेल तेही तिथे जातं. म्हणून शेवटी तीन महिन्यांचे बँकेचे व्यवहार पाहा. पाचांपैकी ज्यावर पैसा गेलेला दिसत नाही आणि वेळही जात नाही, ते मूल्य नाही, नुसती इच्छा आहे.

उंबरठा: 'कुटुंब' मुळात मूल्य नाही, क्षेत्र आहे. तिथे कसं वागायचं ते मूल्य. 'जेवताना फोन दुसऱ्या खोलीत' असं लिहा, म्हणजे पाळलं की नाही ते कळतं.

निळीशाई: आणि रोज लक्षात कसं ठेवायचं?

तिसरीघंटा: अठराव्या शतकातला अमेरिकी मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन याची वही बघा: गुण १३, दर आठवड्याला एकावर भर, चुकलं की काळा ठिपका. वर्षात चार फेऱ्या. तुम्हाला पाच आठवडे पुरतील. ठिपके त्याच रात्री द्या. रविवारी एकदम भरले की सगळे दिवस चांगलेच आठवतात!