जुने लष्करी इंधनाचे डबे: ठशांवरून कसे ओळखायचे?

पत्रा_ठसा: दोन डबे आहेत. पहिल्याला खटक्याचं झाकण, वर तीन मुठी आणि कुशीवर 'क्राफ्टस्टॉफ २० एल फॉयरगेफेअरलिश' (जर्मनमध्ये 'इंधन, २० लिटर, ज्वालाग्राही') असा उठाव. त्याखाली आणखी अक्षरं असावीत, पण रंगाखाली बुजली आहेत. दुसऱ्याचं झाकण आट्याचं, तळाला 'क्यूएमसी', 'आयसीसी-५एल' आणि '२०-५-४३'. पहिला युद्धकाळातला जर्मन आहे का? दुसऱ्यावरचे २० म्हणजे लिटर का? आणि गंज काढताना जुना रंगही उतरवावा का?

शिवण४३: आधी बांधणी बघा, मग ठसा, रंग सगळ्यात शेवटी. जर्मन डबा दोन दाबलेल्या अर्ध्या भागांचा. वेल्डिंगची शिवण मधोमध, खोलगट पन्हळीत, तळाखालूनही फिरते. टॉर्च धरून गळ्यात बघा: हवेसाठी बारीक नळी दिसली पाहिजे. ओतताना डबा गचके देत नाही तो तिच्यामुळेच. अमेरिकेनं नक्कल करताना ही नळी गाळली, खटक्याच्या जागी आटे दिले आणि तळाची कड दुमडून वळवली. म्हणून तो डबा उघडायला पाना आणि ओतायला नरसाळं लागायचं. इतक्या चांगल्या रचनेची ती खरोखर अधोगती होती.

२०-५-४३ मध्ये २० हा पत्र्याचा गेज, म्हणजे जाडीचा क्रमांक, ५ म्हणजे अमेरिकन गॅलन (१८.९ लिटर) आणि ४३ म्हणजे १९४३. क्यूएमसी म्हणजे क्वार्टरमास्टर कोअर, अमेरिकन सैन्याचा रसद विभाग. आयसीसी म्हणजे अमेरिकेचा आंतरराज्य वाणिज्य आयोग, ५एल हा त्याचा डब्यांसाठीचा मानक क्रमांक. आयसीसीऐवजी 'डीओटी' (अमेरिकेचं वाहतूक खातं) असेल तर डबा १९६० च्या दशकाच्या अखेरीचा किंवा नंतरचा. ब्रिटिश डब्यावर 'डब्ल्यूडी' (वॉर डिपार्टमेंट, युद्ध खातं) आणि रुंद बाण ही सरकारी मालकीची खूण शोधा.

तुमच्या पहिल्याचा निकाल बुजलेल्या अक्षरांवर आहे. 'क्राफ्टस्टॉफ' आणि 'फॉयरगेफेअरलिश' हे शब्द युद्धानंतरच्या डब्यांवरही आहेत. 'वेर्माख्ट' (तेव्हाचं जर्मन सैन्यदल) आणि सोबत १९४५ पर्यंतचं साल निघालं तरच तो युद्धकाळातला म्हणा.

मूठ_तीन: यात एक भर. एसएसची (नाझी पक्षाच्या सशस्त्र संघटनेची) खूण असलेले डबे दिसले की हात आखडता घ्या, त्यात बनावट फार. मूळ ठसा पत्रा सपाट असताना साच्यात दाबलेला, त्यामुळे अक्षरांच्या कडा गोलसर आणि आजूबाजूचा पत्रा ताठ. बंद डब्यावर मागाहून पंच मारला की आतून आधार नसल्यानं अक्षराभोवती पत्रा खचतो. तिरप्या उजेडात लगेच कळतं.

पत्रा_ठसा: बुजलेली अक्षरं मोकळी करायला वायर ब्रश चालेल?

शिवण४३: नको! जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडी धूळ उडवायची नाही. शिवाय थर हाच डब्याचा इतिहास: करडा, त्यावर १९४३ पासूनचा पिवळट, त्यावर दोस्त सैन्यानं पकडल्यावर दिलेला हिरवा. नाण्याएवढ्या जागेवर ओला १००० नंबरचा पॉलिश पेपर गोल फिरवा, थर एकात एक कड्यांसारखे उघडतात. अक्षरांसाठी कागद ठेवून वरून पेन्सिल घासा, रंगाला धक्का न लागता साल वाचता येतं.

गंजमुक्त: आतल्या भागासाठी: डबा मोकळ्या हवेत उघडा ठेवा, मग डिटर्जंटच्या पाण्यानं दोनदा धुवा. आतला रंगाचा थर शाबूत असेल तर इथेच थांबा. नुसता गंज असेल तर लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक आम्ल, म्हणजे २० लिटरला १ किलो, काठोकाठ भरा. झाकण उघडंच ठेवा, कारण हायड्रोजन निघतो. दर काही तासांनी बघा, २४ तासांपलीकडे जाऊ नका. नंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं आम्ल मारा, गरम पाण्यानं खळबळा आणि लगेच वाळवा. इथे अर्धा तास गेला तरी नारिंगी गंज परत चढतो. वाळल्याबरोबर १०० मिली पातळ तेल आत फिरवा.

गंज सुटावा म्हणून आत खडी टाकून हलवू नका, हवेच्या नळीमागे अडकते. बारीक साखळी घ्या आणि तिचं टोक तारेनं तोंडाशी बांधून ठेवा.

गळती बघायला पाणी भरून डबा रात्रभर वर्तमानपत्रावर आडवा ठेवा. झाकणाशी ओल दिसली तर बहुधा रबर कडक झालंय, ते बदला. शिवणीशी दिसली तर तो डबा फक्त मांडणीसाठी. त्यावर वेल्डिंग किंवा ग्राइंडर कधीच नाही: धुतल्यावरही सांध्यात इंधन दडून राहतं, तापलं की वाफ होते आणि डबा फुटतो. पिण्याचं पाणी तर कुठल्याच इंधनाच्या डब्यात नको, जुन्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं.