मदत हवी आहे: क्रीम घट्टच होत नाहीये, अर्जंट!!

वैदेही_अ
मंडळी पटकन सांगा. उद्या संध्याकाळी लेकीचा वाढदिवस आहे, केक घरीच करतेय, स्पंज मस्त झालाय पण क्रीम काही केल्या फुगूनच नाही राहिलं. व्हिडिओतली बाई पाच मिनिटांत भांडं डोक्यावर उलटं धरून दाखवते आणि मी इथे केव्हाची मशीन फिरवतेय तरी ताकासारखं पातळ, वरती थोडा फेस येतो आणि बसतो. साखर पण घालून झालीय. याचं काही होईल की फेकू? बेकरीतून आणा असं कृपया कोणी सांगू नका, पाहुण्यांना घरचा केक म्हणून सांगून बसलेय.

मनोज_ठाणे
कोणतं क्रीम?

वैदेही_अ
क्रीम म्हणजे क्रीम हो. दुकानात मिळतं ते, पाकिटातलं.

सुगरण_वगैरे_नाही
ताई पाकिटावर फॅट किती टक्के लिहिलंय ते आधी बघा. पंचवीस असेल तर ते भाजीत आणि फ्रूट सॅलडमधे घालायचं फ्रेश क्रीम आहे, ते नाही फुगत. फेटायचं डेअरी क्रीम कमीत कमी ३० टक्क्यांचं लागतं, ३५ असेल तर उत्तम. पाकिटावर व्हिपिंग क्रीम असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

वैदेही_अ
२५ आहे. पण दुकानदार म्हणाला केकवाल्या सगळ्या बायका हेच नेतात.

गोडबोले_काका
सर्व दुकानदार असेच सांगतात. आमच्या लहानपणी केक म्हणजे बिनक्रीमचा, वाळूच्या कढईत भाजलेला, वर काजू. काही बिघडत नव्हतं.

लीना_लेस्टर
इथे यूकेत डबल क्रीम मिळतं ४८ टक्के फॅटचं, ते नुसत्या हातातल्या व्हिस्कने दोन मिनिटांत होतं. उलट लक्ष नसेल तर लोणीच होतं त्याचं. व्हिपिंग क्रीम वेगळं येतं, ते साधारण ३५ चं. तुम्ही डबल क्रीमच वापरा, सगळ्यात सोपं.

मनोज_ठाणे
लीना, त्यांनी ते आणायचं कुठून उद्या संध्याकाळपर्यंत? वैदेहीताई, गावाचं नाव सांगा आणि मशीन म्हणजे नक्की कोणती तेही.

वैदेही_अ
अकोला. मशीन म्हणजे हँड ब्लेंडर, आपण सूप करतो ना तो, खाली पातं असतं. त्याच्यावर स्पीडचं बटण आहे, फुल्ल स्पीडला ठेवलाय.

सुगरण_वगैरे_नाही
अरे देवा. मे महिन्यात अकोला आणि पात्याचा ब्लेंडर!
पातं कापतं हो, हवा भरत नाही. तुम्हाला हँड बीटर लागेल, दोन तारेच्या फिरक्या असतात तो. नाहीतर तारेचं व्हिस्क आणि मजबूत मनगट. आज ओटा किती तापलाय बघा, तिथे ३५ टक्क्यांचं क्रीम आणलं तरी भांडं बर्फात ठेवल्याशिवाय होणार नाही.

डेअरीवाला
आयुष्य डेअरीत गेलं म्हणून थोडं सविस्तर लिहितो. क्रीम फुगतं म्हणजे हवेचे बुडबुडे आत अडकतात आणि फॅटचे बारीक गोळे एकमेकांना अर्धवट चिकटून त्या बुडबुड्यांभोवती जाळं करतात. हे चिकटणं तेव्हाच होतं जेव्हा फॅटचा काही भाग घट्ट असतो, म्हणजे क्रीम ५ अंशांच्या आसपास हवं. १० च्या वर गेलं की रडारड सुरू. दुधाचं फॅट चाळीसच्या आत सगळं वितळतं, तुमच्या ओट्यावरच तेवढं असेल. शिवाय पात्याचा ब्लेंडर फुल्ल स्पीडला चालवला की तो स्वतः क्रीम गरम करतो. आणि २५ टक्क्यांत जाळं करायला पुरेसे गोळेच नाहीत, मग कितीही फेटा. स्टील किंवा काचेचं भांडं, फिरक्या, क्रीम सगळं फ्रीजमधे गार करून घ्यायचं, हळू सुरू करून मध्यम स्पीडवर न्यायचं. साखर पिठी, आणि ती थोडं दाटायला लागल्यावर.

रेवती_जोशी
फॅट कमी पडतंय तर वाढवा ना! मी नेहमी असंच करते. २०० ग्रॅम फ्रेश क्रीम कोमट करायचं, त्यात ५० ग्रॅम बिनमिठाचं पांढरं बटर वितळवायचं आणि तुमचा तोच हँड ब्लेंडर दोन मिनिटं फिरवायचा, तिथे पातंच लागतं. हिशोब करा, क्रीममधलं ५० ग्रॅम फॅट अधिक बटरमधलं ४०, म्हणजे अडीचशे ग्रॅममधे ९०, झाले ३६ टक्के. रात्रभर फ्रीजमधे, सकाळी बर्फावर बीटरने फेटायचं. बाजारात जायची गरजच नाही.

डेअरीवाला
हिशोब बरोबर आहे, पण घरच्या ब्लेंडरने फॅटचे गोळे पुरेसे बारीक होत नाहीत. कधी जमतं, कधी सकाळी वर बटरची चकती तरंगते. पाहुणे यायच्या दिवशी हा प्रयोग नको.

रेवती_जोशी
माझी चकती कधी झाली नाही बुवा. कारखान्यात राहून घरच्या स्वैपाकाचं सांगायचं म्हणजे कमालच.

शेफ_इन_मेकिंग
कोणी सायफनचं का बोलत नाहीये? व्हिपिंग सायफन घ्या, म्हणजे गॅसच्या दाबाने क्रीम फुगवणारी बाटली, अर्ध्या लिटरला ८ ग्रॅमचं एक गॅस कार्ट्रिज, हलवा, दाबा, झालं. फेटायची कटकटच नाही.

सुगरण_वगैरे_नाही
त्यातही २५ वालं नीट राहात नाही. आणि ते क्रीम कॉफीवर घालायला ठीक, केकवर थोड्याच वेळात खाली बसतं. गुलाबाची फुलं काढायची असतील तर विसरा.

लीना_लेस्टर
आणि तो गॅस म्हणजे नायट्रस ऑक्साइड. इथे पोरं फुग्यात भरून हुंगायची, रस्त्यावर चंदेरी नळकांड्यांचा खच पडलेला असायचा. नोव्हेंबर २०२३ पासून क्लास सी ड्रग्जमधे, म्हणजे बंदी असलेल्या नशेच्या पदार्थांत टाकलाय. स्वैपाकासाठी चालतो.

गोडबोले_काका
म्हणजे दंतवैद्य देतात तो? परदेशातले काय काय एकेक.

मनोज_ठाणे
काका 🙏 विषयावर या. वैदेहीताई, मी घरून केकच्या ऑर्डरी घेतो. नॉनडेअरी टॉपिंग आणा, म्हणजे दुधाऐवजी वनस्पती तेलाचं फेटायचं क्रीम. केकच्या सामानाच्या दुकानात डीप फ्रीजरमधे एक लिटरचं पॅक मिळतं. फुगून तिपटीच्या वर होतं, डेअरी क्रीम जेमतेम दुप्पट होतं. आधीच गोड असतं, साखर अजिबात नको. आणि उन्हाळ्यात टिकतं. तुमच्याकडच्या उन्हात डेअरी क्रीमचे थर म्हणजे केक कापेपर्यंत देवाचा धावा.

निसर्गप्रेमी_स
वाढदिवसाला लेकराला हायड्रोजनेटेड तेल खाऊ घालायचं? त्यात दूध औषधालाही नसतं, पाम कर्नलचं तेल, साखर आणि रसायनं. जिभेला मेणाचा थर येतो. त्यापेक्षा घरची साय घ्या, रवीने घुसळा.

डेअरीवाला
चवीचं मान्य, टाळूला चिकटतं. पण तेल पूर्ण हायड्रोजनेटेड असेल तर ट्रान्स फॅट जवळपास नसतं, सॅच्युरेटेड मात्र भरपूर. शिवाय २०२२ पासून आपल्याकडे तेला-तुपात ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्के आहे. वर्षातून एकदा खाल्ल्याने काही होत नाही. आणि तापवलेल्या दुधाच्या सायीत प्रथिनाच्या गुठळ्या असतात, ती फेटून रवाळ होते किंवा सरळ लोणी निघतं. रवीचं कामच ते आहे.

माधुरी_नाशिक
मी फ्रेश क्रीममधे जिलेटीन घालते, छान उभं राहतं.

निसर्गप्रेमी_स
जिलेटीन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात, माहितीये ना? चायना ग्रास घाला.

सुगरण_वगैरे_नाही
चायना ग्रास उकळवावं लागतं आणि ते कोमट झालं की गोठायला लागतं. गार क्रीममधे ओतलं की दोऱ्या होतात. करून बघा आणि मग सांगा लोकांना.

पल्लवी७
बिनअंड्याचा स्पंज हवा असेल तर दही आणि खायचा सोडा वापरा, सोडा घातला की लगेच ओव्हनमधे ठेवायचं.

वैदेही_अ
स्पंज झालाय हो!! आधी लिहिलंय. मनोजदादा, मिस्टरांना पाठवलं होतं, टॉपिंग मिळालं, दगडासारखं गोठलंय. शेजारच्या वहिनींचा बीटर पण आणला, दोन फिरक्यांचा. आत्ताच फेटू का बाहेर ठेवून वितळवून? इथे दिवसातनं दोनदा लाइट जातात, उद्या ऐनवेळी गेली तर काय करू?

मनोज_ठाणे
बाहेर अजिबात नको, कडेने पाणी होईल आणि मधे दगड. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर. सकाळी पातळ झालेलं पण हाताला बर्फाची किंचित कच लागेल असं असलं की फेटा. छोट्या केकला एक कपभर पुरे, बाकीचं फ्रीजमधेच ठेवून काही दिवसांत वापरा, परत गोठवू नका. फिरकीच्या रेषा पुसल्या जात नाहीत आणि टोक उभं राहतंय असं झालं की लगेच बंद, पुढे गेलं की रवाळ होतं. सकाळीच फेटून केकवर लावून टाका, केक फ्रीजमधे. मग लाइट गेली तरी फ्रीजचं दार उघडू नका, दोन-तीन तास काही होत नाही. मेणबत्त्या लावताना बाहेर काढायचा.

रेवती_जोशी
आणि माझी रीत करून बघायची असेल तर अजून वेळ आहे, एवढंच सांगते.

वैदेही_अ
रेवतीताई पुढच्या वेळी नक्की. पण ते साखर घातलेलं पातळ क्रीम अजून पातेल्यात पडलंय, त्याचं काय करू ते कोणीच सांगितलं नाही.

माधुरी_नाशिक
बाहेर उन्हात राहिलं नाहीये ना फार? वास बघा, आंबूस नसेल तर हापूसचा रस किंवा जो आंबा असेल त्याचा गर घाला, दूध पावडर दोन चमचे, साच्यात भरून फ्रीजरला. कुल्फी तयार. पोरांना तीच जास्त आवडेल.

निसर्गप्रेमी_स
त्याला कुल्फी म्हणू नका. कुल्फी दूध आटवूनच होते.

डेअरीवाला
क्रीम घातलं तरी चालतं, बर्फाचे खडे कमी होतात. नुसतं आटवलेलं नीट आटलं नाही तर दाताखाली बर्फ येतो.

निसर्गप्रेमी_स
आटवायला वेळ लागतो म्हणून लोक पळवाटा काढतात.

शेफ_इन_मेकिंग
कुल्फीचे मातीचे साचे घ्यावेत की अल्युमिनियमचे? ठाण्यात कुठे मिळतील?

वैदेही_अ
आटवण्याचं भांडण दुसऱ्या धाग्यात न्या ना कृपया. क्रीम पातेल्यातच होतं पण फ्रीजला लावलेलं, वास चांगला आहे. केशर आंबा आहे घरी, चालेल ना?