नेरूळ : तिघांना मिळून सदनिका दिल्यास परवाना लागतो का? (मदत हवी आहे)

खाडीकिनारा : नेरूळमधील माझी दोन बेडरूमची सदनिका नोकरी करणाऱ्या तीन तरुणांना राहायला दिली आहे. हे वसतिगृह असून त्याचा परवाना सादर करा, अन्यथा मुलांना बाहेर काढा, असे पत्र सोसायटीने दिले आहे. येत्या रविवारी समितीची बैठक आहे. हा परवाना कोण देते, एवढेच कृपया लवकर सांगावे.

माजी सचिव : करार एकच आहे की तिघांचे तीन? त्याची नोंदणी झाली आहे का? जेवण किंवा खाटेमागे वेगळे भाडे असा काही प्रकार आहे का? हे कळल्याशिवाय कोणी काहीही सांगितले तरी तो अंदाजच ठरेल.

खाडीकिनारा : करार नोंदणीकृत आहे, जेवण नाही, भाडे एकत्र येते. पण याचा परवान्याशी काय संबंध?

माजी सचिव : संबंध आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये घरमालकाने परवाना काढावा अशी तरतूद नाही. कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ती जबाबदारी घरमालकाची आहे, आणि त्यात कसूर झाल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. करारात तिघांचीही नावे आहेत ना?

ऐरोलीकर : माझे ऐकाल तर प्रत्येकाशी ११ महिन्यांचा स्वतंत्र करार करा. मी वर्षानुवर्षे तसेच करतो. एक जण सोडून गेला तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही.

माजी सचिव : या प्रसंगी तो सल्ला घातक आहे. एका सदनिकेचे तीन करार म्हणजे वसतिगृहाच्या आरोपाला आपणच पुरावा देणे.

ऐरोलीकर : आमच्या सोसायटीने कधी हरकत घेतलेली नाही.

हिशेबनीस : जीएसटीचेही पाहा. वसतिगृहासारख्या निवासाला, दरमहा माणशी २०,००० रुपयांपर्यंत शुल्क आणि सलग किमान ९० दिवसांचे वास्तव्य असल्यास, जुलै २०२४ पासून सूट आहे.

खाडीकिनारा : मी कराविषयी विचारलेले नाही. करार एकाच्याच नावे आहे. उरलेले दोघे त्याचे सहकारी असून नंतर राहायला आले.

माजी सचिव : मग खरी अडचण ही आहे, परवाना नव्हे. तिघांच्या नावे एकच नवा करार करून नोंदवा. मुद्रांक शुल्क मुदतीतील एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के आहे (अनामत असल्यास तिच्यावरील मानीव, म्हणजे मिळाले असे गृहीत धरलेले, व्याजही त्यात धरतात), तेव्हा खर्चासाठी अडून राहू नका. तिघांचीही माहिती पोलीस ठाण्यात द्या. मुदत संपल्यावर ताब्यासाठी कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायची वेळ आली, तर कराराबाहेरची माणसे घरात असणे तुम्हालाच जड जाईल.

पारसिक : सोसायटीने कोणते उपविधी (कारभाराचे नियम) स्वीकारले आहेत, तेही तपासा. २०१४ च्या आदर्श उपविधींनुसार पूर्वपरवानगी लागत नाही. ८ दिवस आधी कळवून कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यावी लागते. बिनभोगवटा शुल्कही (मालक स्वतः राहत नसल्यास सोसायटी घेते ते), महापालिकेचे कर वगळून, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही.

खाडीकिनारा : रविवारी हातात काय घेऊन जाऊ?

माजी सचिव : नव्या कराराची प्रत आणि एक पत्र. परवान्याची मागणी कोणत्या कायद्याच्या वा उपविधीच्या आधारे आहे, हे त्यात लेखी विचारा आणि पोच घ्या. तरीही अडवणूक झाली, तर तोच कागद जोडून सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे तक्रार करा. मुलांना मात्र तोवर घर सोडायला सांगू नका.